वैद्यकीय शिक्षकांच्या संघटनेने सभासदांना एकटे सोडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन वाजला. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता एका नव्या सरकारी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. "मॅडम, उद्या पहिल्यांदाच ओएसपीई घेतेय. शंभर मुलं आहेत आणि बीपीच्या स्टेशनला गुण कसे द्यायचे तेच सुचत नाहीये." ओएसपीई म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा; गुण तपासयादीनुसार देतात. तिने तपासयादीत एकच ओळ लिहिली होती : 'रक्तदाब अचूक मोजला – ५ गुण'. ती ओळ आम्ही फोनवरच फोडत बसलो. आपण काय करणार आहोत हे समोरच्याला सांगितले का? कफची, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याची, खालची कड कोपराच्या खळगीच्या दोन बोटे वर आहे का? स्टेथोस्कोप लावण्याआधी नाडी चाचपून वरचा आकडा पाहिला का? पट्ट्यातली हवा सावकाश सोडली का? या चार गोष्टींना एकेक गुण आणि शेवटचा एक अचूक आकड्याला. अर्ध्या तासात काम झाले. फोन ठेवताना ती म्हणाली, "इथे विचारायला कुणी नाही हो. डिपार्टमेंटमध्ये आम्ही दोघंच."

ही मुलगी वैद्यकीय शिक्षकांच्या एका संघटनेची आजीव सभासद आहे. वीस-वीस वर्षे अशा परीक्षा घेतलेले कितीतरी शिक्षक त्याच संघटनेत आहेत. पण त्यांच्यापैकी कुणाला हक्काने फोन करता येईल, हे तिच्या मनातही आले नाही. तिने मला फोन केला तो मी तिला शिकवले होते म्हणून.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना, भंडारा अशा जिल्ह्यांत कॉलेज आले, ९०० जागा वाढल्या. याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथे शिकवणारे बरेच जण कालपरवा एमडी झालेले आहेत. उत्तम डॉक्टर असणे आणि शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात २०१९च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा, अभ्यासक्रम लागू झाला. सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स, एटकॉमची (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारी) सत्रे, प्रत्येक मुलाचे लॉगबुक म्हणजे कामाची नोंदवही हे सगळे याच तरुण शिक्षकांच्या अंगावर पडते. बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स सक्तीचा आहे. तो तीन दिवसांचा असतो आणि चांगलाही असतो. चौथ्या दिवशी शिक्षक प्रमाणपत्र घेऊन आपल्या कॉलेजात परततो, आणि खऱ्या अडचणी तिथून पुढे सुरू होतात.

मी स्वतः पंचवीसहून अधिक वर्षे अशाच एका संघटनेची सभासद आहे. या काळात मला परिषदेची निमंत्रणे आली, निवडणुकीच्या मतपत्रिका आल्या, शोकसंदेश आले. नोकरीच्या सुरुवातीला, आडवळणाच्या गावातल्या कॉलेजात असताना, मी प्रश्नपत्रिका तपासून देण्याची विनंती करणारे पत्र संघटनेला पाठवले होते. त्याचे उत्तर आले नाही. मी पुन्हा कधी विचारले नाही, आणि हळूहळू परिषदेला जाणेही सोडले. संघटनेपासून माणूस असाच तुटतो.

हे वेगळ्या रीतीने करता येते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईत केईएमच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये फेमर या वैद्यकीय शिक्षकांना घडवणाऱ्या संस्थेची फेलोशिप सुरू झाली. ती दोन वर्षांची असते; शिक्षक तिथल्या सत्रांना येतो, स्वतःच्या कॉलेजात राबवायचा एक प्रकल्प हातात घेतो आणि मधल्या काळातही मार्गदर्शक व सहाध्यायी त्याच्या संपर्कात असतात. माझे काही सहकारी ती करून आले. त्यांच्याकडे फोन करायला दहा माणसे होती, हा फरक मी जवळून पाहिला आहे. पण अशा फेलोशिपच्या जागा मोजक्या असतात. बाकीच्या हजारो शिक्षकांसाठी संघटनेनेच उभे राहायला हवे.

माझे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. नवा सभासद नोंदवला गेला की त्याच्याच विषयातला एक ज्येष्ठ शिक्षक त्याला नेमून द्यावा आणि वर्षभर महिन्यातून एकदा दोघांचे बोलणे व्हावे. बोलणे अगदी साध्या गोष्टींचे असेल : व्हायवाला (तोंडी परीक्षेत) रडणारी मुलगी, मराठी माध्यमातून आलेला आणि इंग्रजी व्याख्यानात हरवलेला मुलगा, न भरलेली लॉगबुके. अशा गोष्टी परिषदेच्या व्यासपीठावर कुणी मांडत नाही. ट्यूटर आणि सहायक प्राध्यापकांसाठी परिषदेचे शुल्क निम्मे करावे. आणि एखादी कार्यशाळा पुण्या-मुंबईच्या हॉटेलाऐवजी गडचिरोलीला, तिथल्याच कॉलेजच्या लेक्चर हॉलमध्ये घ्यावी. यजमान कॉलेजातल्या शिक्षकांना त्यासाठी रजाही काढावी लागणार नाही.

ज्येष्ठ शिक्षक वेळ देतील का, असे संघटनेचे पदाधिकारी विचारतात. निवृत्त प्राध्यापक राज्यात गावोगाव आहेत, त्यांना कुणी विचारलेलेच नाही. मी नाशिकला असते. शरीरक्रियाशास्त्राच्या तीन तरुण शिक्षकांची जबाबदारी मी आजपासून घ्यायला तयार आहे. संघटनेने यादी करायला घ्यावी आणि माझे नाव त्यात लिहून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (शरीरक्रियाशास्त्र), नाशिक