‘पंपिंग’ किती, एवढंच विचारू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्याला बघायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "पंपिंग किती?" म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं. साठ आलं म्हटलं की घरचे निर्धास्त, आणि पेशंटला जोतिबाच्या पायऱ्या खुणावू लागतात. पण इकोतलं (हृदयाच्या सोनोग्राफीतलं) पंपिंग पलंगावर निजलेल्या माणसाचं असतं. चालताना दम किती पुरेल, ते त्यावरून कळत नाही. साठ असून जिन्यात धापा टाकणारे असतात, तसे पस्तीसवर रंकाळ्याकाठी आरामात फिरणारेही असतात.

हे पाहायची सोपी तपासणी म्हणजे सहा मिनिटांची चाल. त्यासाठी ३० मीटरचा सपाट व्हरांडा, दोन्ही टोकांना खूण, खुर्ची, स्टॉपवॉच, बोटाचा ऑक्सिमीटर आणि बीपीचं यंत्र पुरतं. आधी दहा मिनिटं बसवून नाडी आणि बीपी पाहतात. नाडी १२० च्या किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवायचं नाही. मग सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, पळायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबावं. घड्याळ मात्र चालूच राहतं. छातीत दुखलं, तोल गेला किंवा घाम फुटून चेहरा पांढरा पडला, तर तपासणी तिथंच बंद. शेवटी मीटर मोजून, दम आणि थकवा शून्य ते दहात किती, हे पेशंटलाच विचारतात.

एवढ्या साध्या गोष्टीतही घोळ होतात. जागा नाही म्हणून १० मीटरच्या बोळात चालवलं, तर ४०० मीटरला १३ ऐवजी जवळपास ४० वळणं पडतात. दर वळणाला वेग मोडतो आणि अंतर कमी भरतं. पुढच्या खेपेला लांब व्हरांड्यात ५० मीटर वाढले, तर श्रेय हृदयाचं की व्हरांड्याचं? "चला अण्णा, चला!" म्हणत मुलगा शेजारून चालला, तर मोजला जातो तो मुलाचा वेग.

सकाळची गोळी चुकवून येऊ नये. त्यातला बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आवरणारं औषध) नाडी फार वाढू देत नाही. तो न घेता आलेले आकडे रोजच्या व्यायामाला लागू पडत नाहीत. म्हणूनच '२२० वजा वय' हे कमाल नाडी काढायचं जिममधलं सूत्र या पेशंटांना लावू नये. चालताना सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, ही खूण जास्त भरवशाची.

टीएमटीत (ट्रेडमिलवर चालवून होणाऱ्या हृदयतपासणीत) वेगळीच गंमत. दांडा घट्ट धरून चालणाऱ्याची क्षमता आहे त्याहून जास्त दिसते. शिवाय टप्प्याटप्प्यानं वेग आणि चढ वाढवणाऱ्या नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पहिलाच टप्पा १० टक्के चढाचा. नुकत्याच सावरलेल्याला सौम्य पद्धतच बरी.

शहरातल्या रुग्णालयांना विनंती, की डिस्चार्ज कार्डावर पंपिंगशेजारी चाललेले मीटर, व्हरांड्याची लांबी आणि पेशंट किती वेळा थांबला, एवढं लिहावं. फेरतपासणी त्याच व्हरांड्यात व्हावी.

– एक फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर