ॲप संस्थेचे, खाते कोणाचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वयंसेवकांनी सामाजिक संस्थेला दोन दिवसांत मोबाइल ॲप करून प्ले स्टोअरवर चढवून दिल्याचा लेख कालच्या अंकात वाचला. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण अर्धे पान खर्च करूनही ते ॲप प्ले स्टोअरवर कोणाच्या खात्यातून गेले, हे लेखात कुठेच नाही. संस्थेच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची माहिती होती.

रक्तदात्यांची यादी सांभाळणाऱ्या एका संस्थेचे ॲप याच कारणाने वाया गेले. करून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या जीमेलवरून चढवले होते, ॲपचा डेटा जिथे साठतो ती गुगलची फायरबेस सेवाही त्याच्याच नावावर. पुढे त्याला नोकरी लागली आणि संपर्क तुटला. गुगल टार्गेट एपीआयची (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलेले असावे, याची) अट दरवर्षी वर सरकवते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवे ॲप आणि अपडेट किमान अँड्रॉइड १५ साठी असावे लागतात. अपडेट न होता फार मागे पडलेले ॲप जुन्या वापरकर्त्यांकडे चालत राहते, पण नव्या अँड्रॉइडचा फोन घेणाऱ्याला ते स्टोअरमध्ये मिळतच नाही. त्यामुळे कार्यालयातल्या सगळ्यांच्या फोनवर ॲप व्यवस्थित, आणि नवे रक्तदाते मात्र येईनासे झाले. कारण लक्षात यायलाच बराच काळ गेला.

सोर्स कोड (ॲपचा मूळ प्रोग्राम) संस्थेकडे होता, पण नुसत्या कोडने काही होत नाही. खाते हातात नसेल तर त्याच पॅकेज नावाने (स्टोअर ॲपला ज्या नावाने ओळखते त्याने) अपडेट देता येत नाही. नवे नाव घेऊन नवे ॲप चढवायचे आणि प्रत्येकाला ते पुन्हा उतरवून घ्यायला सांगायचे, एवढेच उरते. ॲप दुसऱ्या खात्यात हलवण्याची सोय आहे, पण तिचा अर्ज मूळ खातेदारानेच करावा लागतो.

म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी संस्थेच्या ईमेलवरून प्ले स्टोअरवर 'संस्था' प्रकारचे डेव्हलपर खाते (ॲप चढवणाऱ्याचे खाते) उघडावे. शुल्क एकदाच, २५ डॉलर. या खात्यासाठी डी-यू-एन-एस क्रमांक (संस्थांना मिळणारा ओळख क्रमांक) लागतो. तो मोफत मिळतो, पण हाती यायला महिनाही लागू शकतो, तेव्हा अर्ज सर्वांत आधी करावा. आयफोनवरही ॲप द्यायचे तर ॲपलचे शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. पात्र ना-नफा संस्थांना अनेक देशांत ते माफ होते, मात्र माफी मागावी लागते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. मग आपल्या लेखातले 'दोन दिवसांत स्टोअरवर' कसे झाले? खाते जुने होते की संस्थेचे? वार्ताहराने एवढे तरी विचारायला हवे होते.

खात्याचे दुहेरी पडताळणीचे कोड स्वयंसेवकाच्या फोनवर येऊ देऊ नयेत. बॅकअप कोड छापून कार्यालयाच्या कपाटात ठेवावेत आणि फायरबेसवर दोन पदाधिकारी मालक असावेत. स्वयंसेवकाला कामापुरती परवानगी द्यावी आणि काम संपले की काढून घ्यावी. यात अविश्वास नाही. सोडून गेलेल्या मुलाला रात्री-अपरात्री फोन करण्यापेक्षा हे त्याच्याही सोयीचे आहे.

याहून गंभीर बाब डेटाची. फायरस्टोअर (फायरबेसमधला डेटाबेस) 'टेस्ट मोड'मध्ये, म्हणजे चाचणीपुरत्या खुल्या नियमांवर, सुरू केले की ३० दिवस कोणीही काहीही वाचू-लिहू शकतो. मुदत संपली की ॲप अचानक बंद पडते, आणि घाईत असलेला स्वयंसेवक नीट नियम लिहिण्याऐवजी तारीखच पुढे ढकलतो. दात्यांचे नाव, फोन, रक्तगट सगळे उघड्यावर! लॉगिन केलेल्यालाच आणि त्याच्यापुरत्याच नोंदी दिसाव्यात, हा नियम पहिल्याच दिवशी लिहायचा असतो.

आणखी एक. लेखासोबतचा क्यूआर कोड फोनवर वाचलाच जात नाही. कोडच्या चारही बाजूंना त्यातल्या चार बारीक चौकोनांच्या रुंदीएवढी कोरी जागा लागते. आपण तो करड्या चौकटीला चिकटवून छापला आहे. पुढच्या अंकात तो पांढऱ्या जागेत, पुरेसा मोठा छापावा, आणि ॲपच्या नावाखाली खातेदाराचे नावही द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक