पहिल्याच दिवशी मशीन सुरू करू न दिल्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मिस्त्रीकाका. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. बंद पडलेली जुनी इंजिनं तुमच्यासारखी उघडून सुरू करणारी माणसं आता आमच्या दापोली तालुक्यात फार थोडी उरली आहेत.

आमच्या आण्णांचं श्टील ०८ एस, ५६ सीसीचं वूडकटर, म्हणजे लाकूड कापायची इंजिनाची चेन-करवत, किती वर्षं माळ्यावर पडून होतं. श्टील या जर्मन कंपनीने १९५९ साली काँट्रा नावाचं मशीन काढलं. त्यात मधले गिअर काढून चेन थेट इंजिनावर फिरवली होती, त्यामुळे एकट्या माणसाला झाड कापणं सोपं झालं. आण्णांचं मशीन त्याच घराण्यातलं. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, वाडीतली झाडं आडवी झाली तेव्हा ते बंदच होतं. दाखवलं त्या प्रत्येकाने ‘भंगारात द्या’ असंच सांगितलं.

तुम्ही आयुष्यभर राजदूत, येझदी आणि बजाजच्या जुन्या स्कूटरी उघडल्या. वूडकटर कधी उघडलं नव्हतं. तरी दोरी हळूच ओढून म्हणालात, “दम आहे हिच्यात.” मग प्लग काढून बॉडीला टेकवला. करंट, म्हणजे ठिणगी, नव्हता. हातोडी न लावता पुलरने करंट तयार करणारं मॅग्नेट काढलंत, करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासलेत आणि वर कोरा कागद फिरवून कण पुसून घेतलेत. फीलर गेजच्या पातळ पट्टीने ०.४ मिलिमीटरचा गॅप धरलात. ठिणगी नेमकी कधी पडावी त्या टायमिंगसाठी पॉइंटमध्ये पातळ कागद धरायला लावलात: कागद सुटतो त्याच क्षणी खूण जुळली पाहिजे. ती जुळली, आणि प्लगवर निळा करंट उडाला.

त्या संध्याकाळी प्लगच्या भोकात चार थेंब पेट्रोल टाकलं असतं तर मशीन पेटलं असतं. मला तेच हवं होतं. तुम्ही दोरीवरचा माझा हात बाजूला केलात आणि म्हणालात, “पेटणं वेगळं, चालणं वेगळं. आधी सील बघू.” या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

अशा टू-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत येतं आणि ऑइलही त्याच्याबरोबरच येतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण शाफ्टची ऑईल सील कडक झाली की तिथून नुसती हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टनला ऑइल कमी पडतं, आणि इंजिन मजेत रेस घेत असतानाच आतून चरे पडत जातात, हे तुम्ही समजावलंत. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून त्या तोंडांवर रबर आवळलंत. बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा जोडून थोडी हवा भरलीत आणि शाफ्टला साबणाचं पाणी लावलंत. क्लचच्या बाजूने बुडबुडे आले. मशीन तसंच सुरू केलं असतं तर आण्णांचा पिस्टन गेला असता, आणि त्या मापाचा पिस्टन इथे मिळत नाही. सील मात्र बेअरिंगच्या दुकानात मिळाली, कारण तुम्ही नाव विचारलं नाहीत, आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी सांगितलीत.

कार्बोरेटर उघडल्यावर तुम्ही खूश झालात, ते मी विसरणार नाही. राजदूतला फ्लोट असतो, इथे नव्हता. मशीन आडवं-उलटं धरून चालवायचं, तिथे फ्लोट काय कामाचा? म्हणून पातळ डायफ्राम, जो इंजिनाच्या ओढीने हलून पेट्रोलची सुई उघडतो. आमचा पापडासारखा कडक झाला होता. नवा बसवलात, जाळी फुंकलीत, मिश्रणाचे दोन्ही स्क्रू हलकेच टेकवून एकेक फेरा मागे घेतलेत. पेट्रोल लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल घालून. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची, हेही बजावलंत.

मशीन जमिनीवर टेकवून, मूठ पायाखाली दाबून, चोक बंद ठेवून दोरी ओढली. एकदा खोकलं. चोक उघडला आणि पुढच्या ओढीला पकडलं. आई ओसरीवर आली, तिने आवाज ओळखला. तुम्ही मात्र कान लावून उभे होतात. मोकळी रेस जरा अडखळत, भरडी यावी आणि लाकडात गेल्यावर साफ व्हावी, असं म्हणत स्क्रू अगदी जरासा फिरवलात. फणसाच्या ओंडक्यात ते साफ झालं तेव्हा कुठे तुम्ही चहा मागितलात.

या मशीनला चेन ब्रेक नाही. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर ते अंगावर उसळेल आणि थांबवणारं काही नसेल. उभ्या किंवा वादळात अडकलेल्या झाडाला हे लावणार नाही, जमिनीवरचे ओंडकेच कापीन, हा शब्द तुम्ही माझ्याकडून घेतलात. तो मी पाळतो आहे. झाडांच्या कामाला ब्रेकचं नवं मशीन घेतलं आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. म्हणून एक मागणं आहे: मुरूडला एका घरी असंच एक जुनं मशीन बंद पडलंय, त्यांना मी तुमच्याकडे घेऊन येऊ का? त्या वेळी पान्हा माझ्या हातात असू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. सीलचे दोन जोड आणि डायफ्राम आणून ठेवले आहेत.

तुमचा,
आण्णांचा धाकटा