नाव न सांगता पाठीशी उभे राहिलेल्यांचे आभार
परदेशातून आलेल्या माणसाला हॉटेलच्या दारातून किंवा बसच्या रांगेतून केवळ चेहरा आणि उच्चार यांवरून बाजूला सारले जाते, तेव्हा मध्ये पडून ‘यांचा नंबर आधी आहे’ असे ठामपणे सांगणाऱ्या सर्व अनोळखी व्यक्तींचे मी मनःपूर्वक आभार मानतो. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९६५ साली स्वीकारलेल्या वांशिक भेदभावविरोधी कराराच्या पाचव्या कलमाने वाहतूक, हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे, उद्याने अशा सार्वजनिक जागा वापरण्याचा हक्क वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ न पाहता मान्य केला आहे. पण दारावरच्या माणसाला कलम कोण दाखवणार? (दाखवले तरी ‘जागा नाही’ हे उत्तर तयारच असते.) म्हणूनच माझ्या तिकिटामागे तारीख, वेळ आणि स्वतःचा फोन क्रमांक लिहून ‘तक्रार करा, मी साक्ष देईन’ असे म्हणणाऱ्या बाईंचे मोल मला अधिक वाटते, कारण असा नकार बहुधा तोंडीच दिला जातो आणि साक्षीदाराविना तो सिद्ध करणे अवघड असते. माझ्या शेजारची सीट लोक टाळत असताना सहज येऊन बसलेल्या, आणि मुद्दाम गोड न बोलता आपले वर्तमानपत्र वाचत राहिलेल्या आजोबांचाही मी ऋणी आहे. ज्यांची नावे विचारायची राहून गेली, त्यांनी हे पत्र आपल्यालाच लिहिले आहे असे समजावे.