चांदणीची जोडी लावण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि तू पाळलेल्या लेपर्ड गेको पालीची, चांदणीची, छायाचित्रेही पाहिली. ह्यूस्टनमधला तुझा सहकारी आपला नर काही दिवसांसाठी द्यायला तयार आहे, चांदणीला दोन वर्षे पूर्ण झाली आहेत आणि सईला अंड्यातून पिल्लू बाहेर येताना पाहायचे आहे, तेव्हा जानेवारीत जोडी लावावी का, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगतो: या हंगामात लावू नकोस. मात्र तू इतक्या आस्थेने विचारले आहेस की नुसता नकार कळवून थांबणे मला बरे वाटत नाही.

अंडी उबवण्याची तुला काळजी वाटते, पण त्यात फारसे अवघड काही नाही. लेपर्ड गेकोची मादी एका वेळी बहुधा दोन मऊ कवचाची अंडी घालते. ती न उलटता ओलसर वर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या चुऱ्यात) ठेवायची, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि तापमान स्थिर राखायचे, एवढे सांभाळले की पिल्ले बहुतेक निघतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही या प्राण्यात उबवणीच्या तापमानावर ठरते. २६ अंशांच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या निघतात, साडेबत्तीस अंशांच्या सुमारास नर जास्त निघतात आणि ३४ अंशांच्या पुढे पुन्हा माद्यांचे प्रमाण वाढते. वर्गात हे शिकवताना मला आजही आनंद होतो, त्यामुळे सईचे कुतूहल मला पूर्ण समजते.

अवघड आहे ते पिल्लांना घरे मिळवणे. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते, म्हणून एकाच मीलनानंतर ती काही आठवड्यांच्या अंतराने, संपूर्ण हंगामभर, अंड्यांच्या अनेक जोड्या घालत राहते. म्हणजे तू नर दोन दिवसांत परत पाठवलास, तरी उन्हाळा संपेपर्यंत तुझ्या घरात आठ-दहा पिल्ले असू शकतात. दोन नर एका पेटीत ठेवले तर ते एकमेकांना गंभीर जखमी करतात. माद्यांनाही एकत्र ठेवल्यास दुबळीला पुरेसे खाणे मिळत नाही. त्यामुळे पेटी, उष्णतेची सोय, लपायची जागा आणि जिवंत किड्यांचा खुराक हे सारे प्रत्येक पिल्लासाठी वेगळे लागते. नीट सांभाळलेला हा प्राणी पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. आज सई दहा वर्षांची आहे. ती शिक्षण संपवून नोकरीला लागेल तेव्हाही यातली काही पिल्ले कोणाच्या ना कोणाच्या घरात असतील, आणि ते घर कोणाचे हे आज ठरलेले असायला हवे. ‘मित्रमंडळींपैकी कोणीतरी नक्की घेईल’ असे तू लिहिले आहेस. त्या ‘कोणीतरी’ची नावे तुझ्याकडे आहेत का? हौसेने घेतलेली आणि नंतर नकोशी झालेली रेड-इअर्ड स्लायडर कासवे आपल्याकडे लोकांनी कितीतरी तलावांत सोडून दिली. त्यातले प्रत्येक कासव कधीतरी कोणीतरी नक्की घेतलेलेच होते.

माझा दुसरा आक्षेप वंशावळीबद्दल आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. चांदणी तू एका सरीसृप मेळ्यातून घेतलीस, तिच्या आईबापांविषयी काहीच माहिती नाही. नर ‘अल्बिनो’ आहे, पण ट्रेम्पर, बेल की रेनवॉटर यांपैकी कोणत्या वाणाचा, हे त्याच्या मालकालाही सांगता येत नाही. रंगासाठी केलेल्या निवडीने या प्राण्याचे किती नुकसान झाले आहे, हे ‘एनिग्मा’ वाणावरून कळते. त्यातले अनेक प्राणी मान वाकडी करून गोल गोल फिरतात आणि काहींना समोरचा किडाही नीट पकडता येत नाही. ‘लेमन फ्रॉस्ट’ या दुसऱ्या वाणाची गोष्ट तर मन विषण्ण करणारी आहे. तो फिकट पिवळा रंग इतका देखणा होता की लोकांनी त्याची हौसेने पैदास केली. पुढे लक्षात आले की ज्या जनुकीय बदलामुळे तो रंग येतो, त्याच बदलामुळे ८० टक्क्यांहून अधिक प्राण्यांच्या त्वचेत गाठी होतात. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्या बदलाचा संबंध स्पिंट१ या जनुकाशी असल्याचे दाखवून दिले. पिल्लू गोजिरवाणे दिसते म्हणून ते निरोगी आहे असे समजता येत नाही, आणि ज्याचे मूळ ठाऊक नाही त्याची संतती वाढवणे मला योग्य वाटत नाही.

आता चांदणीच्या शरीराचा विचार कर. तिचे वजन ४६ ग्रॅम आहे असे तू लिहितोस. मी ते ५० च्या वर जाईपर्यंत आणि शेपटी चांगली भरेपर्यंत थांबलो असतो. अंड्यांच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम तिच्याच शरीरातून जाते; ते आणि डी३ जीवनसत्त्व खुराकातून पुरेसे मिळाले नाही तर हाडे ठिसूळ होतात, आणि कधी अंडी आतच अडकून मादी दगावते. आपल्याकडे पिंपळगाव-निफाडचे द्राक्ष बागायतदार विरळणी करताना चांगले दिसणारे घडही काढून टाकतात, कारण वेलीवर पेलवेल त्याहून अधिक माल ठेवला तर पुढच्या हंगामात वेल दमते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चांदणीच्या बाबतीत ही काळजी तुलाच घ्यावी लागेल, कारण एकदा मीलन झाले की किती अंडी घालायची हे तिच्या हाती राहत नाही.

या प्राण्यांत क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचा संसर्ग होतो. शेपटी वाळत जाते, प्राणी खंगतो आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. त्यामुळे विष्ठेच्या चाचणीशिवाय तो नर तिच्या खोलीतही आणू नकोस.

‘निदान प्रजाती तरी टिकेल’ असे तू शेवटी लिहिले आहेस. त्याबद्दल स्पष्ट बोलतो. चांदणीची प्रजाती मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या प्रदेशातली आहे, आणि पाळीव वाण अनेक पिढ्या पेट्यांमध्येच वाढलेले आहेत. त्यांची पिल्ले रानात सोडता येत नाहीत, त्यामुळे रानातल्या प्राण्यांना त्यांचा काही उपयोग नाही. तिचे सख्खे भाईबंद इथेही आहेत. सातपुड्यातल्या एका प्रजातीची नोंद तर २०१४ मध्ये झाली. पण विषारी समजून लोक या निरुपद्रवी पालींना ठेचतात. प्रजाती टिकवायची तळमळ असेल तर तो गैरसमज दूर करण्यासाठी पुष्कळ काम बाकी आहे, आणि तू पुढच्या वेळी आलास की आपण दोघे मिळून ते करू.

माझा नकार कायमचा नाही. वंश माहीत असलेला, चाचणी झालेला नर मिळाला, चांदणीचे वजन वाढले, सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळ असला आणि किमान चार घरांनी नावानिशी होकार दिला, तर पुढच्या वर्षी एकदा जोडी लाव. तेव्हाही जितकी घरे तितकीच अंडी उबव, आणि उरलेली घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये ठेव. हे वाचायला कठोर वाटेल, पण गर्भ वाढण्याआधी थांबवणे हे जन्मलेल्या पिल्लाला बेघर करण्यापेक्षा मला कितीतरी दयाळू वाटते. सईला हे समजावून सांगता येत नसेल, तर जोडी लावण्याची वेळ अजून आलेली नाही असे समज.

तोवर सईसाठी एक सुचवतो. कोणीतरी सोडून दिलेला एखादा प्रौढ गेको तुमच्याकडच्या सरीसृप आश्रयकेंद्रातून घरी आणा आणि तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवून त्याची शुश्रूषा तिच्याकडे सोपवा. चांदणीच्या पेटीत ओल्या शेवाळाचा एक डबाही ठेव, कारण नराशिवायही ती अफलित अंडी घालू शकते आणि त्यासाठी तिला ओलसर जागा लागते. दर रविवारी तिचे वजन लिहून ठेव, आणि महिनाभराच्या नोंदी व पशुवैद्याचे मत मला कळव.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत