आईच्या पाठीत कुठल्या कंपनीचे स्क्रू आहेत? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

२०२२ च्या पावसाळ्यात आईला घेऊन मी पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि पहिलंच विचारलं, “हे स्क्रू कुठल्या कंपनीचे?” मला सांगता आलं नाही. २०१९ च्या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर ‘कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचं फ्युजन, स्क्रू व रॉड’ एवढंच लिहिलेलं, म्हणजे ते दोन मणके एकमेकांना जोडून टाकले होते. जिथे ऑपरेशन झालं तिथे मी तीन खेपा घातल्या. फाइल सापडत नाही, असं सांगून प्रत्येक वेळी परत पाठवलं.

स्क्रू काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागणार होतं, त्यामुळे या प्रश्नावर पुढचं बरंच अवलंबून होतं. कंपनीगणिक स्क्रूच्या डोक्याची घडण वेगळी असते आणि तो काढायला बहुतेक वेळा त्याच संचातलं हत्यार लागतं. ते हाताशी नसेल तर वेळ जातो, रक्त जातं. आमच्या डॉक्टरांनी अंदाजाने तीन कंपन्यांचे संच मागवून ठेवले. मी सहा तास बाहेरच्या बाकावर बसून होते.

आईचं सारं आयुष्य भांगलणीत गेलं. कमरेपासून पावलापर्यंत कळ जायची, रात्र रात्र झोप नाही. गादी सरकली आहे, मणका जोडून घ्या, असा सल्ला मिळाला आणि आम्ही तो ऐकला. पहिले सहा महिने बरे गेले. मग कळ परत आली, यावेळी दोन्ही पायांत. हाड जुळलंच नव्हतं आणि खालचा एक स्क्रू ढिला झाला होता.

मंत्रिमहोदय, फ्युजनमध्ये स्क्रू आणि सळ्या म्हणजे स्लॅबखालचे टेकू. खरं काम हाडाने करायचं असतं, महिनोन्‌महिने, हळूहळू. स्लॅब सेट झालाच नाही तर टेकू किती दिवस तग धरणार? धूम्रपान करणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका वाढतो, हे सगळे सर्जन जाणतात. आईलाही पहिल्या वेळी विचारलं होतं, “सिगारेट, तंबाखू काही?” ती नाही म्हणाली, आणि ती खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे बायका सकाळी मिशरी लावतात, तिला कोणी तंबाखू म्हणत नाही. पण मिशरी ही भाजलेली तंबाखूच, त्यातही निकोटिन असतंच. ऑपरेशनपूर्वीच्या फॉर्मवर ‘मिशरी’ हा एक शब्द छापायला सरकारला काय खर्च येईल? त्याच फॉर्मवर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि साखरेचा आकडाही असावा.

फ्युजन वाईट, असं मी म्हणत नाही. मणका मोडला, क्षयाने पोखरला, पुढे घसरून नस दाबू लागला, तर याच शस्त्रक्रियेने माणूस उभा राहतो. मात्र नुसत्या कंबरदुखीसाठी, संशोधनातल्या चाचणीचा भाग असल्याशिवाय, फ्युजन करू नये, असं ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्येच सांगितलं आहे. शिवाय जोडलेला भाग हलत नसल्याने त्याच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर ताण येतो आणि काही वर्षांनी तेही कुरकुरू लागतात. आईचा तिसरा मणका आता दुखतोय.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कमरेच्या मणक्याची ऑपरेशनं झालेल्यांचा माग काढला गेला. अकरा वर्षांत सुमारे १९ टक्क्यांना पुन्हा टेबलावर जावं लागलं होतं. हे कळू शकलं, कारण तिथल्या रुग्णालयांना प्रत्येक डिस्चार्जची नोंद राज्याकडे द्यावी लागते. स्वीडनमध्ये तर मणक्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आहे. ऑपरेशननंतर एक, दोन, पाच आणि दहा वर्षांनी रुग्णालाच विचारतात : दुखतं का, चालता येतं का, समाधानी आहात का?

आपल्याकडे सुरुवात शून्यापासून करायची गरज नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनच्या मंजुरीसाठी कागदपत्रं ऑनलाइन जातात. म्हणजे कोणाचं, कुठे, काय झालं हे सरकारच्या हाती आहेच. प्रत्येक संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांच्यामार्फत वर्षाने आणि पाच वर्षांनी एक फोन केला, तरी किती जणांचे स्क्रू ढिले झाले, किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती जण पुन्हा ऑपरेशनला गेले हे कळेल. हे आकडे रुग्णालयानुसार जाहीर व्हावेत. खाजगी रुग्णालयांनाही यातून सूट नको.

आणि स्क्रूचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हा बिलात स्टेंटचं नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक लिहिणं रुग्णालयांवर बंधनकारक केलं. मग मणक्यातल्या स्क्रूला तोच नियम का नसावा? इम्प्लांटच्या पाकिटावर हा सगळा तपशील छापलेला असतो, सोबत फाइलला लावायचे स्टिकर येतात. त्यातला एक रुग्णाच्या हातात दिला तर कोणाचंच काही बिघडत नाही. राज्याने आपल्या योजनेपुरता हा आदेश आज काढला, तरी उद्यापासून हजारो घरांत तो कागद पोचेल.

दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी न मागता स्टिकर दिले. मी ते आईच्या औषधांच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवलेत, खाली तारीख लिहिली आहे. २०१९ चं पान कोरंच आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी ती वही, दोन्ही वेळचे एक्स-रे आणि काढलेला ढिला स्क्रू घेऊन मी मंत्रालयात येईन.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी, जि. सातारा