स्प्रेसोबत कायदाही सांगा

'पर्समध्ये मिरचीचा स्प्रे हवाच' हा रविवार पुरवणीतला लेख वाचला. सल्ला रास्त आहे. सराफ्यातून, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातून, उशिरा परतणाऱ्या मुलींना तो पटेलही. पण स्प्रे मारल्यानंतर पोलीस ठाण्यात काय होऊ शकते, यावर लेखात अवाक्षर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी गरजेपुरतीच इजा करता येते. हल्लेखोर पळत सुटल्यावर पाठलाग करून फवारा मारला, तर तो बचाव ठरणे कठीण. पार्किंगच्या भांडणात तर विचारूच नका. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जिवाला धोका नसताना स्प्रे वापरल्याच्या प्रकरणातील गुन्हा रद्द करण्यास नकार देत स्प्रेला धोकादायक शस्त्र म्हटले होते. दुकानदार फक्त झाकण कसे फिरवायचे ते दाखवतो. पुढच्या पुरवणीत एखाद्या फौजदारी वकिलाला लिहिते करावे.

– एक वाचक, रामबाग, इंदूर